आडी महिन्यात सही मागू नये

चेन्नईहून आल्यापासून जो तो एकच विचारतोय, "काय मग, इडल्या किती हाणल्यास?" हाणल्या, भरपूर हाणल्या. पण मला सांगायचंय ते वेगळंच आहे, आणि प्रत्येकाला फोनवर सांगून सांगून माझा घसा बसलाय. म्हणून आता एकदाच सगळं टाईप करून टाकते. चुका असतील तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा. शेवट भारी आहे!

आधी काम काय होतं ते पटकन सांगते, कंटाळू नका. तिकडे राज्याचा स्वच्छ विजेचा कायदा येऊ घातलाय. मोठ्या कंपन्या आत्ताही पवनचक्कीवाल्यांकडून थेट वीज घेतात. छोट्या कारखान्यांना एकेकट्याने ते झेपत नाही. मसुद्यात एक कलम असं होतं की छोट्यांनी गट करून वाऱ्याची, उन्हाची वीज एकत्र विकत घ्यावी. पण ते कलम ठेवायचं की गाळायचं यावर खल चालला होता. "छोट्या उद्योगांना हे खरंच हवंय का?" असं मसुदा करणाऱ्या सरकारी समितीने विचारलं. गिंडी आणि गुम्मिडिपूंडी, या दोन्ही औद्योगिक वसाहतींतल्या मालकांच्या सह्यांचं पत्र सोमवारच्या बैठकीत आणा, मग तुमच्यातल्या एकाला बोलायला वेळ देऊ, असं ठरलं.

आमच्या पुण्याच्या ऑफिसने इकडच्या छोट्या कारखान्यांसाठी असली पत्रं केली होती, म्हणून गिंडीच्या एका बाईंनी आम्हाला फोन केला. कमला राव त्यांचं नाव, स्प्रिंगांचा कारखाना. तंजावरच्या मराठी. ऑफिसात तमिळ येते ती फक्त गायत्रीला, आणि ती बाळंतपणाच्या रजेवर. माझा बॉस मिलिंददादा म्हणाला, "केतकी, तू जा. त्या बाई मराठी बोलतात. आणि आषाढ संपला की जा, श्रावण लागला की कसं, चांगल्या कामाला बरं." आईनेही लगेच मान डोलावली आणि हातावर दही दिलं.

हे श्रावणाचं लक्षात ठेवा हां. इथेच घोळ झालाय.

बुधवार, तिरुवल्लिकेणी

ट्रेनमध्ये समोरच्या बर्थवर एक तमिळ मावशी होत्या. त्यांच्याकडून मी दोनच शब्द शिकले, पण काय शब्द! "पुदु आरंभम्." नवी सुरुवात. म्हटलं, प्रत्येक ऑफिसात शिरताना हे म्हणायचं, माणूस खूश झालाच पाहिजे. रात्रभर घोकलं.

मिलिंददादाने माझं बुकिंग तिरुवल्लिकेणीतल्या एका 'मॅन्शन'मध्ये केलं होतं. मला वाटलं, वा, मॅन्शन! म्हणजे झुंबरंबिंबरं असणार. पोचले तर एका गल्लीत जुनी तीनमजली इमारत, प्रत्येक कठड्यावर वाळत घातलेल्या लुंग्या आणि बनियन, आणि जिन्यात दाढी करणारे दोन गृहस्थ. मला बघून एकाचा ब्रश हवेतच राहिला. मॅन्शन म्हणजे तिकडे नोकरदार ब्रह्मचाऱ्यांची राहायची जागा! मॅनेजर बिचारा इतका ओशाळला की त्याने आधी मला कॉफी पाजली आणि मग सांगितलं, "लेडीज इल्लै मा."

मग काय, बॅग घेऊन फुटपाथवर उभी राहून कमला रावांना फोन लावला. आणि त्या राहतात कुठे? त्याच भागात, देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत! दहा मिनिटांत स्वतः स्कूटरवर हजर. साठीच्या बाई, नऊवारी नाही, साधी सुती साडी, नाकात दोन्हीकडे चमकी, वेणीत मोगरा.

"अगं लेकरा, मजला फोन करायला येवढा उशीर कशाला?" पहिलंच वाक्य. "तुझा तो दादा पुणेकर का? मॅन्शनात कोण राहतात हे विचारून घ्यायला नको? बैस मागे. मज अक्का म्हण."

त्यांची मराठी ऐकून मी स्कूटरवर मागे बसून नुसती हसत होते, आनंदाने. 'मजला', 'कोठे', 'बैस', आपल्याकडे पोथीत सापडतात ते शब्द, पण सूर पक्का तमिळ, आणि मधे मधे 'सरी', 'अय्यो' पेरलेलं. त्यांना माझी मराठी विचित्र वाटली. "तू शब्द गिळतीस गं. कोणी मागे लागलंय का तुझ्या?"

घरी त्यांचे यजमान राव काका. बँकेतून रिटायर झालेले, आणि स्वयंपाकघर त्यांचंच. रात्री पानात काय आलं सांगू? डांगर! उडदाचं, दह्यातलं, आमच्या साताऱ्याच्या आजोळी करतात अगदी तेच. फक्त वरून कढीपत्त्याची फोडणी आणि सोबत सांबार. मी म्हटलं, "काका, हे तर आमचं!" काका शांतपणे म्हणाले, "तुम्ही अजून करताय होय? बरं, बरं." म्हणजे त्यांना वाटत होतं आपण विसरलो असू!

जेवणानंतर अक्काने पत्र वाचलं, चष्मा पुसला आणि झोकात पहिली सही केली. मग हळूच म्हणाली, "माझ्या स्प्रिंगा एक जर्मन कंपनी घेते, ठाऊक आहे ना? त्यांनी सांगितलंय, पुढची ऑर्डर पाहिजे तर स्वच्छ विजेवर माल करा, नाहीतर कसा करणार त्याची वाट दाखवा. माझं छप्पर पत्र्याचं, जागा भाड्याची, सोलर बसवू कोठे? ती ऑर्डर गेली तर कोयलिंग मशीनवरल्या माझ्या बायका काय करतील?" कोयलिंग मशीन म्हणजे तारेला पीळ देऊन स्प्रिंग करतं ते. त्या मशीनवर सगळ्या बायकाच आहेत तिच्याकडे. एवढं बोलून ती उठली आणि माझ्यासाठी चादर काढायला गेली. मला मात्र झोप लागेना.

गुरुवार, गिंडी

अक्काला त्या दिवशी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाकडे जायचं होतं. तिने मला नावं आणि पत्ते दिले आणि म्हणाली, "सगळे आपलेच. जा."

गिंडी मला जाम आवडलं! आपल्या भोसरीसारखंच, लेथचा आवाज, कूलंटचा वास, रस्त्यावर लोखंडाचा कीस. पण प्रत्येक शेडच्या दारात रांगोळी! कोलम म्हणतात. कारखान्याच्या दारात, फोर्कलिफ्टच्या वाटेत, रोज सकाळी. आणि सगळीकडे मोठ्ठी पोस्टरं, आडी सेल, आडी ऑफर. मला वाटलं आडी नावाचं कुठलं तरी बडं दुकान आहे, अख्ख्या शहरात शाखा असलेलं.

पहिल्या ऑफिसात शिरले. "वणक्कम सर! पुदु आरंभम्!"

मालक एकदम गोड हसले. "वांगो, वांगो, उक्कारुंगो." म्हणजे या, बसा. कॉफी आली. कायद्याचं सगळं ऐकलं, उलट माझ्यापेक्षा जास्त माहिती होती. "फार गरज आहे मा. आम्ही शंभर टक्के सोबत." मी पेन काढलं. "शुअर मा. नंतर बघू."

दुसरं ऑफिस. पुदु आरंभम्, कॉफी, शंभर टक्के सोबत, नंतर बघू. तिसरं, तेच. एका ठिकाणी तर मालकांनी पेन हातात घेतलं, माझी 'नवी सुरुवात' ऐकली आणि पेन परत खिशात ठेवलं! संध्याकाळपर्यंत माझ्या पोटात कॉफीचं तळं झालं होतं आणि पत्रावर सही फक्त अक्काची.

मिलिंददादाला फोन केला तर तो म्हणाला, "तोंडावर गोड बोलतात गं. त्यांना नकोच असणार कायदा. कारखानदार सगळीकडे सारखेच." मला रडूच यायला लागलं. मग मी मरीनावर जाऊन वाटाण्याच्या उसळीसारखं सुंडल मिळतं ते खाल्लं, खोबरं आणि कैरी घातलेलं. रडू थांबलं. पण प्रश्न तसाच.

शुक्रवार, गुम्मिडिपूंडी

सकाळी गल्लीच्या टोकाला लाउडस्पीकर, कडुनिंबाचे टाळे, देवीचं छोटं देऊळ आणि भली मोठी पातेली. बायका वाटीवाटीने काहीतरी वाटत होत्या. कूळ म्हणे. प्यायले, तर आपली आंबील! नाचणीची, ताकातली, वर कच्चा कांदा. तिकडे देवळाबाहेर आंबील आणि इकडे अक्काच्या घरी आत श्रावणी शुक्रवारचं पुरण शिजतंय. मला इतकं छान वाटलं की मी विचार काहीच केला नाही. तेव्हा केला असता तर!

गुम्मिडिपूंडी लांब आहे, शहराच्या पार उत्तरेला. कारखाने मोठे, रस्ते मोठे, आणि वारा म्हणजे ओढणी सांभाळू का केस सांभाळू असा. तिथल्या मालकांचे पुढारी सेल्वराज सर. विजेच्या भट्टीत लोखंड वितळवून ओतकाम करतात. त्यांनी सही केली की तिकडचे बाकीचे करणार, हे अक्काने सांगितलं होतं. उंचपुरा माणूस, कपाळावर विभूतीचे पट्टे, आवाज भट्टीवर मात करणारा. आमचं बोलणं तमिळ, इंग्रजी आणि हातवारे असं चाललं होतं, मी आपलं मराठीत लिहिते.

"वीज म्हणजे माझा जावई आहे," ते म्हणाले. "कितीही लाड करा, कधी निघून जाईल नेम नाही. कायदा पाहिजेच! मी आधी जेवायला घालतो, मग बोलू."

केळीचं पान, भात, काराकुळंबू म्हणतात तो चिंचेचा झणझणीत रस्सा, तळलेले पापड. मी जेवून पान बाहेरच्या बाजूला दुमडलं, तर वाढणारे आजोबा दचकले. तिकडे आपल्याकडे दुमडायचं, म्हणजे जेवण आवडलं. बाहेर दुमडायचं ते दुःखाच्या जेवणाला! मी घाईघाईने उलगडून परत दुमडलं, रस्सा ड्रेसवर.

मग तसाच डाग घेऊन मी पेन काढलं आणि जोरात म्हटलं, "सर, पुदु आरंभम्!"

त्यांनी हात असा मागे घेतला, जसं पेन नाही, त्यांच्या भट्टीतला चिमटाच पुढे केलाय. कोपऱ्यात त्यांचा मॅनेजर तोंड दाबून हसायला लागला.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"ट्रेनमधल्या मावशींनी."

"तिला विचारलंस का, कुठल्या महिन्यात म्हणायचं?"

आणि मग कळलं. आडी हे दुकान नाही हो! आडी हा महिना आहे. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. या महिन्यात लग्न नाही, गृहप्रवेश नाही, नवं काहीच सुरू करायचं नाही. कोणी काही घेत नाही म्हणून तर दुकानं सेल लावतात! त्यांचे महिने सूर्यावर चालतात, आपले चंद्रावर. आमचा श्रावण लागला तेव्हा त्यांची आडी निम्मीही सरली नव्हती. आणि मी, अतिशहाणी, दारोदार जाऊन आडी महिन्यात ओरडत होते, "नवी सुरुवात! नवी सुरुवात!" नुसतं 'सही करा' म्हटलं असतं तर गिंडीतल्या निम्म्यांनी केलीही असती.

"सर, पण वाऱ्याची वीज तर याच महिन्यात सगळ्यात जास्त होते ना?" मी शेवटचा प्रयत्न केला.

"होते. वाऱ्याला आई नाही," सेल्वराज सर म्हणाले. "मला आहे. माझ्या वडिलांनी घाई करून आडीत नवी भट्टी पेटवली. पहिल्याच दिवशी भिंतीला तडा गेला. आईने ते त्यांना मरेपर्यंत ऐकवलं. आता मलाच ऐकवेल. आडी संपू दे, पुढचा महिना आवणी, त्याच्या पहिल्या दिवशी दोन्ही हातांनी सही करतो."

"पण बैठक सोमवारी आहे!"

ते मला फाटकापर्यंत सोडायला आले. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते दिसत होतं.

घरी येऊन मी अक्कासमोर सगळं ओकून टाकलं. ती आधी पाच मिनिटं हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अय्यो, सहीला कोण अडेल असं मज वाटलं. तू आरंभम् म्हणत हिंडतीस हे मज काय ठाऊक!" मग ती भिंतीकडे वळली. त्यांच्या भिंतीवर दोन कॅलेंडरं असतात. एक रोज पान फाडायचं तमिळ, एक आपलं पंचांग. दोन्ही घरात चालतात, आपल्या सणाला आपलं, गावाच्या सणाला गावाचं. तिने तमिळ कॅलेंडरची दोन पानं उचलून पाहिली.

"अहो, ऐकलंत? रविवारी पदिनेट्टु आहे."

स्वयंपाकघरातून काका म्हणाले, "म्हणजे चित्रान्नं. किती माणसांची?"

पदिनेट्टु म्हणजे अठरा. आडीचा अठरावा दिवस. कावेरीला नवं पाणी येतं त्याचा सण, आणि सगळ्या आडीत हाच एक दिवस असा की नवं काहीही करा, वाढतच जातं! अक्काने फोन उचलला आणि अख्ख्या गिंडीला रविवारी तिच्या कारखान्यात जेवायला बोलावलं. शेवटचा फोन सेल्वराज सरांना नाही, त्यांच्या आईला केला. दोघी अर्धा तास बोलल्या. कायद्याबद्दल एक वाक्य असेल, बाकी चिंचेच्या भातात शेंगदाणे आधी घालायचे की नंतर यावर.

माझं परतीचं तिकीट शनिवारचं होतं. रद्द केलं. मिलिंददादा म्हणाला, "तू तिकडे सण साजरे करायला गेलीयस का?" मी म्हटलं, "हो."

रविवार, परत गिंडी

चित्रान्नं म्हणजे चिंचेचा भात, लिंबाचा, खोबऱ्याचा, गुळाचा, दहीभात. राव काका पहाटेपासून घामाघूम. मशिनी बंद, मधोमध सतरंज्या, कोयलिंगवाल्या बायका केसांत फुलं माळून वाढायला. मी सकाळपासून दाराशी.

गुरुवारचे सगळे आले. तेच हसरे चेहरे, पण या वेळी प्रत्येकाने जेवायच्या आधी पेन मागितलं! ज्यांनी पेन खिशात घातलं होतं, त्यांनी माझ्याकडे बघून स्वतःच म्हटलं, "पुदु आरंभम्!" आणि सगळं शेड हसलं. मी लाजले, पण सह्या मोजत नव्हते असं नाही.

दुपार झाली. गुम्मिडिपूंडीचं कोणीच नाही. त्यांच्या सह्यांशिवाय पत्र अर्धंच, आणि अक्काला बोलायची वेळ मिळायची नाही. सेल्वराज सर फोन उचलेनात. अक्का वाढत होती, हसत होती, पण दर मिनिटाला तिची नजर फाटकाकडे. मला ते बघवेना. मी बाहेर पडले आणि गल्लीच्या टोकापर्यंत गेले.

तिथे झाडाखाली एक पांढरी व्हॅन उभी. काचा बंद, एसी चालू. आत गुम्मिडिपूंडीचे मालक ओळीने, शाळेची सहल निघाल्यासारखे शहाण्यासारखे बसलेले. पुढच्या सीटवर एक अगदी छोटीशी आजी, मांडीवर पितळी डबा. मला बघून सगळ्यांनी हात हलवले. कोणी उतरेना!

सेल्वराज सरांनी काच बोटभर खाली केली. "यमगंडम चालू आहे. दिवसातला वाईट काळ. आई दीडपर्यंत उतरू देत नाही."

"सर, फोन तरी घ्यायचा!"

आजीने मान वळवून एक वाक्य टाकलं. सरांनी भाषांतर केलं. "ती म्हणते, फोन घेतला तर तू खाली उतरायला लावशील."

मी आत पळत जाऊन सांगितलं तेव्हा अक्का मटकन खुर्चीवर बसली आणि पहिल्यांदाच पाणी प्याली.

दीड वाजला. वरात आली! आजीने आधी पत्र हातात घेतलं, पितळी डब्यातून ओली हळद काढून चारी कोपऱ्यांना बोट लावलं, मग लेकाकडे बघून मान हलवली. वारा इतका सुटला होता की कागद टेबलावर राहीना. अक्काने तिच्या चार स्प्रिंगा आणून त्यावर ठेवल्या. सेल्वराज सरांनी वाकून, खरंच दोन्ही हातांनी पेन धरून, सही केली. त्यांच्यामागे बाकीचे. आजी मला म्हणाली, आणि हे मला तमिळ न येताही कळलं, "आता जेव. वाळलीयस."

सोमवार, बैठक

पुढच्या रांगेत अक्का, तिच्यामागे सेल्वराज सर, त्यांच्यामागे मी. हळदीच्या बोटांचं पत्र दिल्यावर तिथल्या साहेबांनी ते न वाचताच आधी दोन्ही हातांनी घेतलं, आपोआप. अक्का तमिळमध्ये बोलली. मला शब्द कळले नाहीत, पण तिने पर्समधून एक स्प्रिंग काढून टेबलावर ठेवली आणि दाबून सोडली. टेबलापलीकडचे सगळे पुढे वाकले. कलम मसुद्यात ठेवतो, असं त्यांनी तिथेच सांगितलं.

बाहेर आल्यावर मी त्या साहेबांना गाठलं. "सर, विधेयक विधानसभेत कधी येईल?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वेडगळ काहीतरी विचारलंय.

"आडी संपू दे ना मा."

माझ्यामागे सेल्वराज सर नुसते खाकरले.

पुणे

कायदा अजून व्हायचाय. विधानसभा, चर्चा, सगळं पुढे आहे, आणि अक्का म्हणते तसं धरसोड न करता मागे लागायला लागेल. आम्ही लागणार. समितीचा पोच शिक्का असलेल्या पत्राचा फोटो तिने जर्मन कंपनीला पाठवला होता, ही बघा आमची वाट म्हणून. उत्तर येईना. मी रोज विचारायची, ती रोज म्हणायची, "बघू."

आज सकाळी, मी दात घासत असताना, तिचा फोन. मागे कोयलिंग मशिनींचा खडखडाट, आणि बायकांचा त्याहून मोठा आवाज.

"ऑर्डर आली गं! पूर्ण वर्षाची! काल इथे आवणी लागली, आणि काल रात्रीच त्यांचा मेल आला." मग आवाज खाली आणून, अगदी खाजगीत, "लेकरा, एक सांग. त्या जर्मनांना आवणी लागली म्हणून कोणी सांगितलं असेल?"